नोकरी, एसटी आणि ऑनलाइन पदवी : तासांचा हिशेब

रिठदहून सकाळच्या एसटीने रिसोडला किंवा वाशिमला कामाला जाणारे तरुण-तरुणी आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोणी कापडाच्या दुकानात आहे, कोणी औषधांच्या दुकानात. कोणी खाजगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवतो, तर कोणी पतसंस्थेची दैनिक वसुली करतो. यांतील बहुतेकांची हकिकत एकसारखीच असते. बारावीपर्यंत शिक्षण झाले, घरची ओढाताण पाहून कामाला लागावे लागले आणि पदवी राहून गेली. अशा मुलांना आजकाल कोणीही सहज सांगून जातो, "अरे, आता सगळे ऑनलाइन झाले, घरबसल्या बी.ए. करून टाक." सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा न कळल्यामुळे अनेक मुले प्रवेश घेतात, पहिल्याच वर्षात मागे पडतात, भरलेली फी वाया जाते आणि 'आपल्याच्याने शिक्षण होत नाही' अशी स्वतःची समजूत करून घेतात. ही समजूत फीपेक्षा महाग पडते, कारण ती पुढच्या पिढीलाही ऐकवली जाते. म्हणून सदर लेखात हा उरलेला अर्धा भाग सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. लोक ज्याला सरसकट 'ऑनलाइन' म्हणतात त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मुक्त व दूरशिक्षण. यात विद्यापीठ स्वयं-अध्ययनाची पुस्तके देते, जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र असते, तेथे ठराविक दिवशी समंत्रक मार्गदर्शन करतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन लेखी द्यावी लागते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते याच पद्धतीचे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला 'इग्नू' म्हणतो, ते त्याआधी १९८५ सालचे. दुसरी गोष्ट म्हणजे खरी ऑनलाइन पदवी. तिच्यात व्याख्याने, गृहपाठ, शंकासमाधान असे सर्व काही इंटरनेटवरून चालते. तिसरी म्हणजे सुटे अभ्यासक्रम. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'स्वयम्' या व्यासपीठावर असे शेकडो अभ्यासक्रम आहेत. ते शिकण्यास फी नाही. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. येथे पदवी मिळत नाही, एकेका विषयाचे प्रमाणपत्र मिळते. मात्र नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्याला, त्याच्या विद्यापीठाने मान्यता दिली असेल तर, हे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करून घेता येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे बाहेरून करण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते.

आपल्यापैकी बहुतेकांना यांतील पहिला मार्ग सोयीचा आहे असे माझे मत आहे. नेटवर्क गेले तरी पुस्तक हातात राहते.

कामकरी माणसाचे शिक्षण ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांचे हात कामात गुंतलेले असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे सकाळचे वर्ग ठेवल्यामुळे कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्या कितीतरी तरुणांना नोकरी न सोडता पदवी घेता आली. भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला आंध्र प्रदेश सरकारने स्थापन केले. पुढे १९९१ साली त्याला बाबासाहेबांचेच नाव देण्यात आले. गुजरात सरकारचे अहमदाबाद येथील मुक्त विद्यापीठही (स्थापना १९९४) त्यांच्या नावाने आहे. इंग्लंडमध्ये मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले, तेव्हा दूरदर्शन व रेडिओवरून पाठ देण्यात येत असत. साधने बदलत गेली. अडचण मात्र १८५५ ची आहे तीच राहिली. ती म्हणजे वेळ.

तासांचा हिशेब

महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा वेळ महाविद्यालय ठरवते. अमुक वाजता तास, अमुक तारखेला चाचणी. दूरशिक्षणात ही जबाबदारी विद्यापीठाकडून उचलून विद्यार्थ्याच्या खांद्यावर ठेवलेली असते, आणि प्रवेशाच्या अर्जावर ते कोठेही ठळक अक्षरांत छापलेले नसते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करावा.

मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास असे धरतात. वाचन, व्याख्यान ऐकणे, स्वाध्याय लिहिणे हे सर्व त्या ३० तासांत आले. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास झाले. तीन वर्षांच्या पदवीला आजच्या रचनेत किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे ३,६०० तास. हे सहा सत्रांत वाटले तर एका सत्राला ६०० तास येतात. सहा महिन्यांतले परीक्षेचे दोन आठवडे वगळून २४ आठवडे धरले, तर आठवड्याला २५ तास पडतात.

आता आपल्या बाजूचे तास मोजू. दुकानातील किंवा कचेरीतील काम नऊ तास. जाणे-येणे, थांब्यावर एसटीची वाट पाहणे धरून अडीच तास. झोप सात तास. जेवणखाण, आंघोळ, घरचे पाणी भरणे, जनावर असेल तर त्याचे चारापाणी, याला साडेतीन तास. बेरीज बावीस झाली. उरले दोन तास. असे सहा दिवसांचे बारा आणि सुटीच्या दिवशी पाच मिळाले तर आठवड्याचे एकूण सतरा तास होतात. पाहिजेत पंचवीस, आहेत सतरा.

खरे सांगायचे तर नियमित महाविद्यालयात जाणारे सगळेच काही आठवड्याला पंचवीस तास अभ्यास करतात असे नाही. परंतु त्यांच्या कानावर शिक्षकांचा आवाज पडत असतो, सोबतीला मित्र असतात. एकट्याने शिकणाऱ्याने आपला हिशेब कसून करावा हेच बरे.

सतरा आणि पंचवीस यांतील फरक पाहून घाबरण्याचे कारण नाही. ३,६०० तासांना सतराने भागले तर साधारण २१२ आठवडे येतात, म्हणजे चार वर्षे व एक महिना. लग्नकार्य, आजारपण, सुगी यांची सूट धरली तर पाच वर्षे म्हणू. इग्नूमध्ये तीन वर्षांची पदवी पूर्ण करण्यास जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत असते आणि दोन वर्षांच्या एम.ए.ला चार वर्षांची. म्हणजे नोकरी करणाऱ्याची पदवी मुदतीत बसते. फक्त ती तीन वर्षांत बसवण्याचा हट्ट सोडावा लागतो. गळती होते ती बहुधा या हट्टापायी. पहिल्या सत्रात उत्साहाने सगळे विषय घेतले जातात, दोन महिन्यांत मागे पडणे सुरू होते, मग पुस्तक उघडण्याचीच लाज वाटू लागते. त्याऐवजी नियमात बसत असेल तर पहिल्या परीक्षेला दोनच विषयांची तयारी पक्की करावी, उरलेले पुढच्या परीक्षेला द्यावेत. सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची गोष्ट विहारात आपण ऐकलेली आहे. साधनेच्या अतिरेकाने त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो सर्व सोडून घरी परतण्याचा विचार करू लागला, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. फार ताणलेली तारही वाजत नाही, फार सैल सोडलेलीही नाही. तो दाखला साधनेचा असला तरी अभ्यासाला चपखल लागू पडतो.

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक भाग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९१६ साली ते लंडनला अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मग १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य व पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्यांच्या विद्वत्तेचे कौतुक आपण नेहमी करतो. त्या परवानगीचे कौतुक कोणी करीत नाही. अभ्यास थांबला तरी नोंदणी जिवंत ठेवणे, हे काम विद्वत्तेचे नसून दक्षतेचे आहे, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. प्रवेश घेताना आपल्या नोंदणीची शेवटची मुदत कोणती, दरवर्षी पुनर्नोंदणी करावी लागते काय, मध्ये एक वर्ष सुटले तर काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेतून लिहून घ्यावीत. २०२१ पासून 'श्रेयांक बँक' ही नवी व्यवस्था आली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिच्यात जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात. विद्यापीठ त्या व्यवस्थेत सामील असेल तर मध्येच सुटलेल्याची मेहनत अगदीच पाण्यात जात नाही.

प्रवासातला अभ्यास

एसटीतले अडीच तास वाया जातात, ते अभ्यासाला लावावेत असे पुष्कळजण सांगतात. सांगणाऱ्याने पावसाळ्यात उभ्याने प्रवास केलेला नसावा! धक्क्यांत पुस्तक वाचले तर डोळे दुखतात, काहींना मळमळते. गर्दीत तर वही उघडणेच शक्य नसते. म्हणून प्रवासाचे सगळे तास अभ्यासाच्या खात्यात धरू नयेत. वरच्या सतरा तासांत मी ते धरलेले नाहीत. जे मिळेल ते वरकमाई समजावे.

तरीही प्रवासात एक काम उत्तम होते, ते म्हणजे ऐकणे. रात्री नेटवर्क मोकळे असते तेव्हा दुसऱ्या दिवशीचे व्याख्यान फोनवर उतरवून ठेवावे आणि बसमध्ये कानाला इअरफोन लावून फक्त ऐकावे. चित्र पाहण्याची गरज नसेल तर हलक्या दर्जाचे चित्रण उतरवावे म्हणजे डेटा पुष्कळ वाचतो. ऐकलेले व्याख्यान घरी आल्यावर पुस्तकातून वाचले की दुप्पट वेगाने समजते. आयआयटी संस्थांच्या 'एनपीटेल' या उपक्रमाच्या काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरेही उपलब्ध करण्यात आली आहेत. इंग्रजी ऐकताना अडणाऱ्यांनी ती अवश्य पाहावीत. दुसरे काम म्हणजे थांब्यावरचे. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर अशा पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या खिशात ठेवल्या तर दहा मिनिटांत चार उजळणीस येतात. ही जुनीच युक्ती आहे. फोनची बॅटरी संपली तरी ती चालते.

जाता जाता खर्चाविषयी एक गोष्ट. एसटीचा मासिक पास काढल्यास वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास होतो. महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत आहे. विद्यार्थी पासाची सवलत मात्र दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला मिळेलच असे गृहीत धरून बेत आखू नये. आगारात विचारून घ्यावे.

घरातले तास

हिशेबात एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. वरचे दोन तास पुरुषाचे आहेत. हाच हिशेब एखाद्या सुनेचा किंवा थोरल्या मुलीचा करून पाहावा. ती अंगणवाडीत, दुकानात किंवा कचेरीत तेवढेच तास काम करते आणि घरी आल्यावर चूल तिचीच असते. सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक, भांडी, मुलांचा अभ्यास हे मोजले की तिच्याकडे दोन तास तर सोडाच, अर्धा तासही उरत नाही. मग ती झोपेतून तास काढते. झोपेतून काढलेला तास महिनाभर पुरतो, पुढे शरीर तो व्याजासकट परत मागते. म्हणून घरातील बाईने प्रवेश घेतला तर संध्याकाळच्या भाकरी कोण करणार, हे प्रवेशाच्या दिवशीच घरात बसून ठरवले पाहिजे. ते ठरत नसेल तर फी भरून उपयोग नाही.

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकत होते तेव्हाची आठवण सर्वांना माहीत आहे. भिवा लवकर झोपत असे, वडील रामजी सुभेदार जागे राहत आणि पहाटे दोन वाजता मुलाला उठवून मग स्वतः अंग टाकत. ही आठवण आपण कष्टाची म्हणून सांगतो. ती व्यवस्थेचीही आहे. दिवसा गजबजलेल्या त्या खोलीत रात्री दोननंतर शांतता मिळते हे हेरले गेले, आणि त्या शांततेची राखण करायला घरात एक माणूस होता. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनमध्ये असताना मुंबईत संसाराचा गाडा रमाबाईंनी हलाखीत ओढला. प्रत्येक पदवीमागे असे कोणाचे तरी तास खर्च झालेले असतात. नोकरी करून शिकणाऱ्या मुलाने निदान ते कोणाचे आहेत हे ओळखून असावे, आणि घरच्यांनीही 'फोनवर काय बसलाय' असे म्हणण्यापूर्वी तो काय ऐकतो आहे हे एकदा विचारावे.

मान्यता आणि दलाल

आता फसवणुकीविषयी, कारण यात आपल्या लोकांचे कष्टाचे पैसे बुडतात. 'एका वर्षात पदवी', 'परीक्षेची काळजी आमच्यावर सोडा' असे म्हणणारा दलाल भेटला तर तेथून सरळ निघून यावे. पदवीला विषय, श्रेयांक आणि किमान कालावधी ठरलेला असतो, तो कोणालाही कमी करता येत नाही. दूरशिक्षणाचे नियम २०२० साली नव्याने झाले. त्यांत विद्यापीठाने मधल्या एजन्सीमार्फत अभ्यासक्रम चालवण्यास मनाई आहे. कोणते विद्यापीठ कोणता अभ्यासक्रम दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देऊ शकते याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठाचे नाव यादीत आहे एवढे पाहून भागत नाही. आपला अभ्यासक्रम, आपले वर्ष आणि सत्र त्यात आहे काय हे पाहावे. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्या विभागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक काढावा लागतो आणि तो श्रेयांक बँकेच्या क्रमांकाशी व आधारशी जोडलेला असतो. दहावीच्या सनदेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी काम अडू शकते. आपल्याकडे वडिलांचे नाव, आडनाव यांच्या स्पेलिंगचे असे फरक सर्रास असतात. ते प्रवेशाच्या घाईत नव्हे, दोन महिने आधी दुरुस्त करावेत.

काही शिक्षण या पद्धतीने होतच नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, कृषी यांची पदवी दूरशिक्षणाने घेता येत नाही. पीएच.डी.ही नाही. २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासारख्या आरोग्याशी संबंधित विषयांनाही ही बंदी लागू करण्यात आली. म्हणून 'घरबसल्या नर्सिंग' किंवा 'घरबसल्या एलएल.बी.' अशी जाहिरात दिसली की ती खोटी समजावी.

उलट, मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या पदवीला नोकरीत कमी लेखले जाते ही भीती निराधार आहे. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की मान्यताप्राप्त दूरशिक्षण व ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी. अशा पदवीवर स्पर्धा परीक्षांना बसता येते. एप्रिल २०२२ पासून एक नियमित व एक दूरशिक्षणाची अशा दोन पदव्या एकाच वेळी करण्याचीही मुभा देण्यात आली. परंतु वरचा तासांचा हिशेब पाहता नोकरी करणाऱ्याने या मुभेच्या मोहात पडू नये.

पाली भाषेला मराठीबरोबरच ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा देण्यात आला, हे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो. पाली वाचता येणारे आपल्यात किती, याचा विचारही यानिमित्ताने व्हावा. ज्यांची पदवी झाली आहे आणि आता केवळ ज्ञानासाठी शिकायचे आहे, त्यांनी पालीचा एखादा सुटा अभ्यासक्रम शोधून अवश्य करावा. तेथे मुदतीची घाई नसते.

तारखा

अनुभवाने असे दिसते की विद्यार्थी अभ्यासात जितके अडत नाहीत तितके तारखांत अडतात. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव लागले असा समज असतो. तसे नसते. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, मुदतही वेगळी. 'स्वयम्'वरही तसेच आहे. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे फुकट असते, पण परीक्षेची नोंदणी ठराविक दिवसांत स्वतंत्रपणे करावी लागते आणि ती राहिली की बारा आठवड्यांची मेहनत प्रमाणपत्रावाचून राहते. इग्नूमध्ये स्वाध्याय वेळेत दिल्यावाचून तो विषय पूर्ण होत नाही, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत त्यांना सुमारे ३० टक्के वजन असते. बाजारात तयार स्वाध्याय विकत मिळतात हे आपण जाणतो. ते उतरवून काढणारा मुलगा ३० टक्के गुणांसाठी पुढच्या ७० टक्क्यांची तयारी गमावतो, कारण स्वाध्याय लिहिणे हीच परीक्षेची खरी तालीम असते.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते, ती शेतीच्या वेळापत्रकाची. विद्यापीठांची सत्रे साधारण जुलै व जानेवारीत सुरू होतात. जुलैच्या सत्राचे स्वाध्याय पुरे करण्याचे दिवस म्हणजे सप्टेंबर अखेर व ऑक्टोबर, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी असते. घरची शेती असो की दुसऱ्याच्या शेतात मजुरी असो, त्या दिवसांत नोकरीवाल्या मुलालाही सुटी काढून शेतात जावे लागते. म्हणून सत्राचे स्वाध्याय पोळ्यापर्यंत लिहून ठेवावेत. इग्नूची सत्राखेरची परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असते. डिसेंबरची परीक्षा महिन्याच्या आरंभीच सुरू होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्याचा बेत असेल तर वेळापत्रक लागल्याबरोबर आपल्या विषयांच्या तारखा पाहून मगच तो पक्का करावा. मालकाकडून रजाही तेव्हाच मागून ठेवावी. परीक्षेच्या आदल्या दिवशी मागितलेली रजा क्वचितच मिळते.

आता आपल्या संस्थेला करता येण्यासारखे काय, ते थोडक्यात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन करतो. हेच तीन महिने जुलै सत्राच्या अभ्यासाचे असतात. वाचन संपल्यावर विहाराला लगेच कुलूप न लावता आणखी दीड तास दिवा चालू ठेवला, चार सतरंज्या, दोन टेबले, फोन चार्ज करण्याची सोय आणि जमल्यास एक वायफायची जोडणी दिली, तर ज्या घरात एकच खोली आहे आणि तिच्यात दूरदर्शन संच चालू आहे, त्या घरातील मुलाला व मुलीला बसायला जागा मिळेल. मुलींना घरी पोचवण्याची जबाबदारी आळीपाळीने महिला मंडळाने घ्यावी. भिंतीवर एक मोठी दिनदर्शिका लावून तिच्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या अर्जाची, स्वाध्यायाची आणि परीक्षेची शेवटची तारीख लाल शाईने लिहावी. ज्यांनी अशी पदवी पूर्ण केली आहे अशांनी महिन्यातून एका रविवारी तेथे येऊन नव्या मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. याला मोठा निधी लागत नाही. किल्ली कोणाकडे राहील आणि विजेचे बिल कोण भरेल, एवढे येत्या आषाढापूर्वीच्या बैठकीत ठरले म्हणजे झाले.